पाचवी खुर्ची

९ नोव्हेंबर, रविवार

हरलो. ५८–४१. आणि त्या अठ्ठावन्नातले चौतीस एकटीचे!

सलोनी तिचं नाव. नोएडाच्या संघातली, सतरा वर्षांची. उंची माझ्याहून जेमतेम बोटभर जास्त. लांबून शॉट मारत नाही, तिला गरजच पडत नाही. बॉल हातात आला की खांद्याने एक हूल, उजवीकडे पहिलं पाऊल, की बाई बास्केटखाली हजर. तिला अडवायला अश्लेषा नायर होती, माझ्या पोरींतली सगळ्यात चपळ. तिसऱ्या क्वार्टरमध्ये तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "आंटी, वो रुकती ही नहीं." मी म्हटलं, रुकेगी. काय आधारावर म्हटलं देव जाणे.

त्याच संघात, पांढऱ्या जर्सीत, आठ नंबरला आमची कन्या. सृष्टी. एप्रिलमध्ये माझा संघ सोडून तिकडे गेली. सामना संपल्यावर रीतसर ओळीत येऊन माझ्याशी हात मिळवला. "वेल प्लेड, कोच." कोच! मग मेट्रोच्या मॅजेंटा लाइनने दोघी घरी आलो. शेजारी शेजारी बसून. नोएडापासून आर. के. पुरमपर्यंत तिच्या कानात हेडफोन.

नोएडा अंतिम सामन्यात जाणार हे लिहून ठेवते. आपणही जायचं. आणि तेव्हा सलोनीला अडवायचंच.

१० नोव्हेंबर

अक्कल गहाण टाकली होती मी!

सकाळी सृष्टी पोहे खाता खाता म्हणाली, "आई, 'डावी, डावी' इतकं जोरात नको ना ओरडत जाऊ. सलोनीला पण आता मराठी यायला लागली." आणि हसली. तिच्या बाबाला, श्रीरंगला, चहाचा ठसका लागला.

माझ्या संघात एक मल्याळी, एक पंजाबी, एक गढवाली आणि दोन मराठी. तीन वर्षं मी सगळ्यांना मराठी इशारे शिकवले — दार, डावी, मदत — समोरच्यांना कळू नयेत म्हणून. केवढा अभिमान होता मला त्याचा! द्वारकाच्या कोचने एकदा विचारलंही होतं, ये कौन सा कोड है. आणि काल समोर माझ्याच पोटची पोर उभी, तर मी पूर्ण चाळीस मिनिटं कोडमध्ये ओरडत होते. सलोनी माझा प्रत्येक डाव आधीच ओळखायची, तर मला वाटलं काय विलक्षण डोकं आहे पोरीचं. डोकं कसलं! दुभाषी होती सोबत.

आजपासून मैदानावर मराठी बंद. हाताच्या खुणा.

१२ नोव्हेंबर

हवेतल्या प्रदूषणाचा आकडा चारशेच्या वर. सेक्टरचं कोर्ट बंद, मुलांना बाहेर खेळायला मनाई. ऑफिसातून सुटून समाजसदनाचा हॉल मागायला गेले. मिळाला, सहा ते साडेसात. पण चौकीदाराची अट — बॉल आपटायचा नाही. शुक्रवारी लग्न आहे, फरशीला काही झालं तर तो जबाबदार. बरं बाबा.

म्हणजे बास्केट नाही आणि बॉलही नाही. पोरी हिरमुसल्या. मी म्हटलं, उत्तम. बॉल नसेल तर उरतो फक्त बचाव. लग्नासाठी रचलेल्या लाल प्लास्टिकच्या खुर्च्यांतल्या पाच काढल्या आणि मांडल्या. या पाच जणी म्हणजे नोएडा. पहिली खुर्ची सलोनी.

दीड तास नुसती पावलं. गुडघे वाकवून, पाय न जुळवता, आडवं सरकायचं. माझा गुडघा बोंबलतोय. सांगलीकडून खेळायचे तेव्हाही त्याने असाच दगा दिला होता. बोंबलू दे.

१५ नोव्हेंबर

आज जे पोरींना सांगितलं ते इथेही लिहिते, म्हणजे माझं मला पक्कं होईल.

सलोनीला थांबवायचं नाही. ते होणार नाही. तिला लांबच्या रस्त्याने पाठवायचं. अश्लेषाने तिच्या बरोबर समोर उभंच राहायचं नाही. अर्धं अंग तिच्या उजव्या हाताकडे. उजवी बाजू बंद, डावी उघडी. म्हणजे तिला डावीकडे जावं लागेल, एकदा जास्त बॉल आपटावा लागेल आणि शेवट कच्च्या हाताने करावा लागेल. त्या एका जास्तीच्या टप्प्यात आपली दुसरी मुलगी वाटेत येऊन उभी राहायची. नंतर नाही, आधी. पाय जमिनीवर, हात सरळ वर, उडी नाही. उडी मारली की फाउल, आणि फाउल म्हणजे तिला फुकटचे दोन शॉट.

अबोलीने विचारलं, "काकू, पण दुसरी मुलगी म्हणजे कोण?" अबोली आमची कॅप्टन. तिच्या बाबांची बदली झालीय, जानेवारीत गुवाहाटी. ही तिची शेवटची स्पर्धा आमच्याकडून. मी म्हटलं, बघू.

१७ नोव्हेंबर

चौकीदार आज दारात उभा राहून बघत होता. म्हणाला, मॅडम, खुर्च्यांना इतकं घाबरणाऱ्या पोरी पहिल्यांदा बघतोय!

१९ नोव्हेंबर

ऑफिसात अर्धी रजा टाकली. अबोलीच्या बाबांनी मोबाइलवर घेतलेला तो सामना आज पूर्ण बघितला, थांबवून थांबवून. सलोनी सव्वीस वेळा आत घुसली. एकोणीस वेळा उजवीकडून. डावीकडून सात, त्यात बास्केट दोनच. म्हणजे रस्ता बरोबर आहे.

अडचण पुढे आहे. मदतीला दुसरी गेली की सलोनी आंधळी नाही. जिला आम्ही सोडून आलो तिच्याकडे ती बॉल देते. त्यांची पाच नंबर कोपऱ्यातून हमखास मारते. अकरा नंबरही तशीच. ती उंच पोर तर बास्केटखालीच उभी, तिला सोडलं तर दोन गुण आयते हातात. म्हणजे या तिघींना सोडून मदतीला जाता येत नाही.

सलोनी धरून चार झाल्या. राहते एक.

लॅपटॉप बंद केला.

२१ नोव्हेंबर

मी बोलले नाही, अबोली बोलली. सराव संपल्यावर, बाकीच्या बुटांच्या नाड्या सोडत होत्या तेव्हा. पाचव्या खुर्चीवर हात ठेवून म्हणाली, "काकू, रागावू नका हं. पण सृष्टीला मोकळं सोडलं तर? ती मारत नाही ना."

सगळ्या पोरींना माहीत होतं. सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी म्हटलं, विचार करते, आणि खुर्च्या रचायला लागले. माझं काम नव्हतं ते.

मारत नाही. का मारत नाही हे मात्र पोरींना माहीत नसावं. किंवा असेलही, त्या तिथेच तर होत्या.

गेल्या डिसेंबरात, उपांत्य सामन्यात, शेवटच्या मिनिटाला सृष्टीने कोपऱ्यातून शॉट मारला. मोकळी होती, मारायलाच हवा होता. चुकला. मी टाइम-आउट घेतला आणि सगळ्यांसमोर बोलले. शब्दन् शब्द आठवतोय — "तुला मारायला सांगितलं कुणी? तुझं काम पास द्यायचं. तेवढंच कर." बस. त्यानंतर तिने सामन्यात एकही शॉट मारलेला नाही. एकही! सुरुवातीला मला वाटलं, चला, शिस्त आली. खूश झाले होते मी. काय म्हणावं या बाईला.

म्हणजे तिच्या खेळात भोक मी पाडलं. आणि आता त्याच भोकातून सामना जिंकायचा विचार करतेय.

२२ नोव्हेंबर

श्रीरंगला सांगितलं. तो कोपर्निकस मार्गावरच्या सदनातून, कामावरून दमून आला होता, तिथे कुठलंसं शिष्टमंडळ उतरलंय. जेवताना सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सलोनीला अडव ना. सृष्टीला कशाला मधे घेतेस?"

मी त्याला वाट्या मांडून समजावलं. ही सलोनी, ही उंच पोर, ही पाच नंबर. पाच जणींना पाच जणींनी धरलं की सलोनी सुटते. तिला दोघींनी धरायचं तर एक कुणीतरी मोकळी राहणारच, आणि ती जिच्यापासून धोका कमी तीच असायला हवी. यात माझं-तुझं काही नाही. सगळे कोच हेच करतात.

"कळलं," तो म्हणाला. "मग तिला आधी सांग."

सांगितलं तर ती त्यांच्या कोचला सांगेल. नाही सांगितलं तर भर कोर्टात चारशे लोकांसमोर तिची आई हाताने खूण करणार, की हिला धरायची गरज नाही. श्रीरंगने वाट्या उचलल्या आणि सिंकमध्ये ठेवल्या.

२४ नोव्हेंबर

ठरलं. सोडायचं. दुसऱ्या कुणाची मुलगी असती तर मी दोन मिनिटंही विचार केला नसता. मग या पाच जणींनी काय पाप केलंय?

२७ नोव्हेंबर

कोर्ट उघडलं. खुर्च्यांवर केलेलं खऱ्या मुलींवर केलं. सेक्टरमधल्या कॉलेजच्या पोरींना नोएडा केलं, त्यांच्यातली सगळ्यात दांडगी ती सलोनी. सोळापैकी अकरा वेळा अडवली. अबोली पाचवीला सोडून वाटेत येते ती इतकी वेळेवर येते, की मला मध्येच टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. नाही वाजवल्या. डोक्यात जायला नको.

३० नोव्हेंबर, रविवार

उपांत्य सामना जिंकलो, ३९–३३. अंतिम सामन्यात आम्ही आणि नोएडा. ७ तारखेला.

घरी सृष्टीने आपणहून केक आणला. वर लिहून घेतलं होतं — 'काँग्रॅट्स कोच'. तिने माझ्या ताटात मोठा तुकडा वाढला. मी खाल्ला. सगळा.

६ डिसेंबर

उद्या. तिची पांढरी जर्सी गॅलरीत वाळतेय. मीच धुतली.

संध्याकाळी तिच्या खोलीच्या दारात दोनदा जाऊन उभी राहिले. दुसऱ्यांदा तिने हेडफोन काढून विचारलं, "काही पाहिजे का?" मी म्हटलं, नाही, लवकर झोप.

सांगणार नाही. अबोली जानेवारीत जाणार. अश्लेषाने तीन आठवडे रोज पायांच्या नसा ताणल्यात. मी त्यांची आहे, निदान उद्या अडीच वाजेपर्यंत.

७ डिसेंबर, रविवार

जिंकलो. ४६–४५.

क्रमाने लिहिते, नाहीतर शेवटच लिहीत बसेन.

पहिल्या मिनिटालाच सलोनीला कळलं काहीतरी वेगळं आहे. उजवीकडे बघितलं तर अश्लेषा. डावीकडे गेली तर समोर अबोली, हात वर, पाय घट्ट. धडकली. फाउल तिचाच. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी ती थांबली आणि आमच्याकडे नव्याने बघितलं. पहिल्या अर्ध्यात तिचे फक्त सात गुण! मी एक शब्द ओरडले नाही. सगळं खुणांनी. माझ्या पोरी मुक्याने खेळत होत्या आणि काय खेळत होत्या! असा बचाव मी स्वतः कधी केला नाही.

आणि सृष्टी मोकळी. बास्केटपासून पंधरा फुटांवर, आजूबाजूला कुणी नाही. सलोनी अडकली की बॉल तिच्याकडे यायचा. ती घ्यायची, बघायची आणि दुसरीकडे द्यायची. सहा वेळा मी मोजलं, मग मोजणं सोडलं. त्यांचा कोच ओरडत होता, "मार ना, खाली है!" गॅलरीत कुणीतरी हसलं. चौथ्यांदा बॉल हातात घेऊन तिने थेट माझ्याकडे बघितलं. कळलं होतं तिला. कधीच कळलं होतं. मी हाताची खूण बदलली नाही.

उत्तरार्धात सलोनी पेटली. डाव्या हातानेही दोन घातले, पोरीला मानलं पाहिजे. पाच नंबरने कोपऱ्यातून तीन. आमची बारा गुणांची आघाडी विरघळत विरघळत एकावर आली. नऊ सेकंद. बॉल त्यांचा.

सलोनीला बॉल. अश्लेषाने उजवी बाजू बंद केली. ती डावीकडून आली, अबोली सृष्टीला सोडून वाटेत उभी. दार लागलं. सलोनीने हवेतच बॉल मागे दिला, सृष्टीकडे. पाच सेकंद. सृष्टी एकटी. ती पास द्यायला माणूस शोधायला लागली. डावीकडे नाही, उजवीकडे नाही. बॉल छातीशी घट्ट धरून उभी. चार. तिचा चेहरा मी बघितला आणि माझ्या तोंडातून निघालं —

"सृष्टी, मार!"

मराठीत. सगळ्या कोर्टाला ऐकू जाईल इतक्या जोरात. मी, समोरच्या संघाची कोच!

तिने मारला. रिंगच्या मागच्या कडेवर लागला, वर उडाला, पुन्हा कडेवर, आणि बाहेर. शिट्टी.

तो बॉल हवेत होता तेव्हा तो आत जावा म्हणून मी देवाचा धावा करत होते. हे फक्त इथे लिहितेय. तेव्हा वाटलं, आता अबोलीला तोंड कसं दाखवू?

अबोलीलाच आधी तोंड दाखवावं लागलं. धावत येऊन गळ्यात पडली. "काकू, काय फसवलंत तिला! ती तर पासच देणार होती!" मग तिने बाकीच्यांना हिंदीत सांगितलं, आंटी ने लास्ट में उससे शॉट मरवा दिया. अश्लेषाने मला चक्क उचललं. सगळ्या नाचत होत्या. मी म्हणायला हवं होतं, नाही गं, तसं नव्हतं. पण त्यांच्या त्या चेहऱ्यांकडे बघून नाही म्हणवलं.

सृष्टी चार पावलांवर बाटलीतून पाणी पीत होती. तिने सगळं ऐकलं. मग ओळीत येऊन हात मिळवला.

८ डिसेंबर

ऑफिसात अभिनंदन, मिठाई. घरी चषक टीव्हीशेजारी मांडलाय.

सकाळी सृष्टी डबा भरताना म्हणाली, "चांगली चाल होती, आई." टोमणा नव्हता, तेच वाईट. खरंच मनापासून म्हणाली. मी म्हटलं, ती चाल नव्हती, सृष्टी. मी खरंच तुला सांगत होते. ती म्हणाली, "अच्छा." आणि दप्तर उचललं.

मी तिच्या जागी असते तर मीही विश्वास ठेवला नसता. पूर्ण चाळीस मिनिटं जी बाई तिला धरायचीही गरज नाही असं सांगत होती, ती शेवटच्या चार सेकंदांत आई होते, हे कोण खरं मानेल?

श्रीरंग म्हणतो, वेळ दे. वेळ देऊन काय होतं ते मी गेल्या डिसेंबरपासून बघतेय.

९ डिसेंबर

आज पुन्हा प्रयत्न केला. बसस्टॉपपर्यंत तिच्याबरोबर चालत गेले. तोंड उघडलं की मला माझाच आवाज कोचसारखा ऐकू येतो. ती मान हलवते आणि घड्याळ बघते. बोलून होणार नाही हे. माझं बोलणंच तिला नको झालंय, आणि बरोबरच आहे तिचं.

माझ्याकडे पुरावा एकच आहे, आणि तो मी तिच्यासाठी लिहिलेला नाही. त्यात मी फार चांगली दिसत नाही. खुर्ची आहे, वाट्या आहेत, 'ठरलं, सोडायचं' आहे. एक पानही फाडणार नाही. ७ तारखेचं पान तिला वाचायचं असेल तर २१ आणि २४ पण वाचावं लागेल.

भीती वाटतेय. सोळा वर्षांच्या मुलीला एवढं वाचायला द्यावं का, ठाऊक नाही. तरी ही वही आता तिच्या टेबलावर ठेवते. पेनसकट.

१० डिसेंबर

आई, ही तुझी डायरी आहे पण आज मी लिहिते आहे. दोन वेळा वाचली. 'शिष्टमंडळ' बाबांना विचारलं.

२१ तारखेचं वाचून खूप रडले, आणि २४ चं वाचून राग आला. अजून आहे. तो जाईल तेव्हा जाईल, तू घाई नको करू.

एक सांगायचं होतं. तू ओरडलीस तेव्हा मला पण एक सेकंद वाटलं होतं की तू खरंच सांगते आहेस. म्हणूनच मारला. नाहीतर मी बॉल धरून उभीच राहणार होते. नंतर अबोली बोलली, मग वाटलं मी वेडी आहे.

उद्या साडेसहाला मी खाली कोर्टवर जाणार. तू पण ये. मी मारणार, तू फक्त बॉल परत द्यायचा. काही बोलायचं नाही. बिल्कुल नाही. गेला तरी नाही.